विमानात बसण्याआधीचे वर्ष

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत एकच आकडा झळकला : १० हजार. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा अनेक व्यवसायांतल्या इतक्या तरुणांना तिकडे काम मिळणार होते. या आकड्याचा दुसरा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. एका वर्गात पंचवीस जण धरले, तर दहा हजार जणांना जर्मन शिकवायला चारशे वर्ग लागतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या अंदाजाप्रमाणे, बी-१ पातळी गाठायला पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात आणि बी-२ साठी ६०० ते ८००. रोज चार तासिका, आठवड्यातले पाच दिवस, एकही सुट्टी नाही असे गृहीत धरले तरी सहाशे तासिकांना तीस आठवडे जातात. नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकणाऱ्याला वर्ष सहज पुरत नाही. म्हणजे दहा हजार नोकऱ्यांच्या आधी दहा हजार माणसांचे एकेक वर्ष उभे आहे. परदेशी जाणाऱ्याची तिथली पत या वर्षात ठरते, असे माझे ठाम मत आहे. हे वर्ष आपली माणसे व्हिसाची वाट पाहण्यात, एजंटाचे उंबरे झिजवण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात घालवतात. सरकारही किती जण गेले ते मोजते. किती जण तयार होऊन गेले, हे मोजण्याची आपल्याकडे रीतच नाही.

परदेशातून येणाऱ्या पैशाचे महत्त्व महाराष्ट्राला सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये अनिवासी भारतीयांनी देशात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. त्यातला २०.५ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात आला आणि त्यामागोमाग केरळचा क्रमांक लागला. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी गावांत घरे, शाळा, मशिदी, दवाखाने आखाती देशांतल्या कमाईवर उभे राहिले आहेत. एवढा पैसा आणणाऱ्या माणसाची जाण्याआधीची सरकारी तयारी किती, तर एका दिवसाची. परराष्ट्र मंत्रालयाचा जाण्यापूर्वीचा मार्गदर्शन वर्ग २०१८पासून चालतो, त्यात कायदा, पगार, सवयी, संकटात कुठे फोन करायचा हे सारे सांगितले जाते आणि ती माहिती चांगली असते. पण दोन वर्षांच्या करारावर सही करून निघालेल्या माणसाला सगळे काही एका दिवसात, तेही तिकीट काढण्याच्या गडबडीत सांगितले, तर त्यातले त्याच्यापाशी काय उरणार? १० लाखांच्या प्रवासी भारतीय विमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे. त्या पॉलिसीचा कागद कुठे ठेवला आहे, हे घरच्यांना सांगून जायचे असते, एवढी गोष्टही पुष्कळदा राहून जाते.

आपल्या उत्प्रवास कायद्याच्या मुळाशीच एक समज आहे आणि तो आता जुना झाला आहे. १९८३चा हा कायदा दहावी न झालेल्या माणसाला दुबळा धरतो. अठरा ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला मंजुरी घ्यावी लागते, त्याचा करार तपासला जातो. दहावी झालेल्याला ही अट नाही. तो शिकलेला आहे, स्वतःचे भले पाहू शकतो, असे त्यामागचे गृहीतक. गेल्या काही वर्षांत कंबोडिया आणि म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या तळांवरून भारतीय तरुणांना सोडवून आणावे लागले, त्यातल्या अनेकांना संगणक येत होता, इंग्रजी येत होते. किंबहुना म्हणूनच त्यांना हेरले गेले होते. डेटा एंट्रीची नोकरी सांगून त्यांना पर्यटक व्हिसावर नेले. कंबोडिया, म्यानमार त्या अठरा देशांत नाहीत. रशियाही नाही, आणि मदतनिसाचे काम म्हणून तिकडे नेलेल्या काही भारतीयांना २०२४मध्ये युद्धाच्या आघाडीवर जावे लागले. शाळेचा दाखला माणसाला या फसवणुकीपासून वाचवत नाही. कोणत्या व्हिसावर कोणते काम करता येते, एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कशी तपासायची, ‘आता व्हिजिटवर जा, तिकडे कन्व्हर्ट करून घेऊ’ या वाक्यात कोणता धोका दडलेला आहे, हे माहीत असलेला सातवी पास माणूस हे माहीत नसलेल्या पदवीधरापेक्षा सुरक्षित असतो. जुन्या कायद्याच्या जागी नवा आणण्याचा मसुदा केंद्राने २०२५मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यात तयारीचा विचार कितपत होतो, याकडे महाराष्ट्राच्या खासदारांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

तयारीमुळे नेमके काय बदलते? आखातातल्या कामगाराचे जुने दुखणे पाहा. इथे दाखवलेला करार एक, तिथे उतरल्यावर पुढे आलेला करार दुसरा. दुसरा अरबीत असतो, त्यात पगार कमी असतो, कामाचे नावही बदललेले असते. इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला हेल्पर होतो. वाद झाला तर त्या देशांत अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. आता यातली प्रत्येक गोष्ट कायद्याने सुटल्यासारखी दिसते. मूळ कराराची प्रत आपल्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेली असते. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असे आपला पासपोर्ट कायदा सांगतो, आणि तो काढून घेण्यावर कतार, सौदी, अमिरातीतही बंदी आहे. कतारने २०२०मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, मार्च २०२१पासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले. कागदावर कामगाराचे हात मोकळे झाले. पण ज्याला तिथल्या कामगार खात्याच्या तक्रारीचा अर्ज वाचता येत नाही, ज्याच्याकडे कराराचा फोटोसुद्धा नाही आणि ज्याच्या डोक्यावर गावातल्या सावकाराचे कर्ज आहे, तो त्या मोकळ्या हातांनी काय करणार? नोकरी बदलण्याचा हक्क वापरायला दुसरी नोकरी शोधता यावी लागते, आणि त्यासाठी चार वाक्ये बोलता यावी लागतात. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. राहण्याची जागा कशी असेल, एका खोलीत किती जण असतील, हे करारात विचारायचे असते, ही जाणीव आपल्याकडे त्या आगीनंतरही रुजलेली नाही. आपण पगाराचा आकडा विचारतो आणि तिथेच थांबतो.

भाषा तिथे गेल्यावर आपोआप येते, हा समज सर्वांत घट्ट आहे आणि तो खोटा असल्याचा पुरावा जर्मनीनेच दिला आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. माणसे दोन वर्षे काम करतील आणि परततील, मग त्यांना भाषा कशाला शिकवायची, असा तेव्हाचा विचार होता. कारखान्यात खुणेने काम भागत होते. १९७३मध्ये भरती बंद झाली, पण लाखो माणसे तिथेच राहिली, बायकामुले आली, नातवंडे झाली. दवाखान्यात, कचेरीत आईबापांसोबत दुभाषे म्हणून शाळकरी मुलांना जावे लागे, आईच्या आजाराचे नाव डॉक्टरच्या तोंडून आधी मुलीला कळे. ज्यांचे आयुष्य मोटारीच्या कारखान्यात गेले, ते बढतीच्या रांगेत मागेच राहिले, कारण फोरमनला अहवाल लिहावा लागतो. अखेर १ जानेवारी २००५पासून जर्मनीने नव्या स्थलांतर कायद्याखाली भाषेचे रीतसर वर्ग सुरू केले, तेही सहाशे तासिकांचे. त्रेचाळीस वर्षांच्या अनुभवाने त्या देशाला जो आकडा शिकवला, तो आपल्या तरुणाला जाण्याआधीच ठाऊक असावा. चाळीस-पन्नास वर्षांचे शेजारपण जी भाषा शिकवू शकले नाही, ती दिवसाचे आठ तास काम करून थकलेल्या आपल्या मुलाला सहा महिन्यांत येईल, असे मानण्याला आधार नाही.

भाषेची पातळी म्हणजे परीक्षेचा अडथळा, असेही आपण धरून चालतो. एकदाचे सर्टिफिकेट मिळाले की सुटलो! रुग्णालयात पाळी बदलताना नर्सला रात्रीचा सगळा वृत्तांत पुढच्या नर्सला सांगायचा असतो. कोणत्या रुग्णाला कोणते औषध किती वाजता दिले, कोण रात्रभर कण्हत होते, कुणाला गिळायला त्रास होतो. इथे एक क्रियापद चुकले तर जीव जातो. त्यातून बाडेन-वुर्टेम्बर्गमधले म्हातारे रुग्ण पुस्तकी जर्मन बोलत नाहीत. ते श्वाबी आणि अलेमानी बोलतात. आपल्याकडे प्रमाण मराठी शिकलेल्या परक्या माणसाला मालवणच्या आजीचे दुखणे समजून घ्यायला जे कष्ट पडतील, तेच तिथे पडतात. म्हणून बी-२ ही खरे तर सुरुवात आहे. केरळने हे ओळखले. तिथल्या नॉर्का रूट्स या संस्थेने डिसेंबर २०२१मध्ये जर्मन संस्थांशी ‘ट्रिपल विन’ करार केला. त्यात नर्सना बी-१ पर्यंतचे शिक्षण केरळातच विनामूल्य मिळते, पुढचे तिथे गेल्यावर. १९६०च्या दशकात चर्चच्या मार्गाने जर्मनीत गेलेल्या मल्याळी नर्सची पिढी केरळच्या स्मरणात आहे, आणि सत्तरच्या दशकाअखेर त्यांच्यातल्या अनेकींना परत जायला सांगितले गेले, हेही. अनुभवातून आलेली ही सावधगिरी आपण उसनी घ्यायला काहीच हरकत नाही.

भाषेइतकाच वेळ खाणारी दुसरी गोष्ट कागदांची, आणि ती मराठी माणसाच्या बाबतीत जरा जास्तच गुंतागुंतीची आहे. आपल्या नावात मधे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते. मुलीचे लग्न झाले की आडनाव बदलते, मधले नाव बदलते, काही घरांत अजून पहिले नावही बदलतात. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, अनुभवाचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगने. परक्या कचेरीतल्या कारकुनाला या तीन बायका वाटतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, मग राज्याचे प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, संयुक्त अरब अमिरातीला जायचे तर त्यांच्या वकिलातीचा शिक्का, यात महिने जातात. स्त्रियांना हा भुर्दंड पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक बसतो. त्याहून अवघड स्थिती हाताने काम शिकलेल्यांची. मार्च २०२४पासून जर्मनीने काही व्यवसायांत नियम सैल केले, मायदेशात मान्य असलेले किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असेल आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर तिथल्या समकक्षतेची अट लागत नाही. पण कंत्राटदाराकडे दहा वर्षे वायरिंग करणाऱ्याकडे पगाराची पावती नसते, पीएफचा खाते क्रमांक नसतो. तो कसबी आहे हे त्याचे हात सांगतात, कागद सांगत नाही. इथे कामाची नोंद न ठेवणारा कंत्राटदार त्या माणसाची परदेशातली वाटही बंद करतो. कामगारांच्या नोंदींचा आग्रह याही कारणासाठी धरायला हवा.

यावर पहिला आक्षेप पोटाचा आहे, आणि तो खराही आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची भ्रांत आहे त्याने वर्षभर भाषा शिकत बसावे, असे सांगणारा माणूस त्याला निर्दय वाटेल. पण घाईचा खर्च कोण भरतो ते पाहू. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेण्याची परवानगी आहे. गावातल्या नोंदणी नसलेल्या मध्यस्थाला ही मर्यादा बांधत नाही, आणि घाई झालेला माणूस नेमका त्याच्याकडे जातो. व्याजाने काढलेल्या रकमेची फेड तिथल्या पगारातून होत राहते, तोवर मालक कसाही असला तरी सोडता येत नाही. गरिबाला तयारी परवडत नाही, हे बरोबर. म्हणूनच तिचा खर्च समाजाने उचलावा, असे माझे म्हणणे आहे. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात इच्छुकांसाठी जर्मन, जपानी किंवा अरबीचा वर्ग ठेवला, तर वेगळे वर्ष द्यावेच लागणार नाही. जपानने भारताशी जानेवारी २०२१मध्ये केलेल्या करारानुसार कुशल कामगाराला जपानीची प्राथमिक पातळी आणि कौशल्याची परीक्षा या दोन्ही लागतात. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये ती पातळी गाठता येईल. उरलेल्यांना शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे. परदेशातून जे येते, त्यापुढे ही रक्कम नगण्य आहे.

दुसरा आक्षेप संगणक क्षेत्रातले लोक घेतात. आमचे काम इंग्रजीत चालते, कंपनी सगळे पाहते, आम्हाला ही तयारी कशाला? त्यांना भाषेची निकड कमी आहे हे मान्य. घरमालक, बालवाडी, रात्री दीड वाजताचा दवाखाना इंग्रजीत चालेलच असे नाही, तरी निभावून जाते. त्यांची अपुरी तयारी वेगळ्या ठिकाणी उघडी पडते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर त्याला साधारण ६० दिवसांत नवा मालक किंवा वेगळा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. घराचे कर्ज, मुलांची शाळा, गाडी सगळे त्या साठ दिवसांत आवरायचे. सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली, तेव्हा सुट्टीवर आलेल्यांची विमानतळाकडे धावपळ उडाली. अर्थ नंतर स्पष्ट केला गेला, पण त्या दोन दिवसांनी दाखवून दिले की लठ्ठ पगार हे स्थैर्य नव्हे. परत यावे लागले तर काय, याचा विचार जाण्याआधी करणे अशुभ मानले जाते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणे, इथले बँक खाते अनिवासी खात्यात बदलणे, आईवडिलांच्या आजारपणात सह्या करायला कुणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र करून ठेवणे ही कामे बड्या पगाराच्या माणसालाही चुकत नाहीत. जर्मनीत कर, निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी यांच्या कपातीनंतर एकट्या माणसाच्या हाती पगाराचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो. तो आकडा इथे बसूनच काढता येतो. तरीही करारावरच्या पूर्ण रकमेला रुपयांत गुणून लोक घरचे बेत आखतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सरकारने स्वतः माणसे तयार करून बाहेर पाठवली, तर आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नर्स कुठून येणार? आपल्या करातून शिकलेली मुलगी श्टुटगार्टच्या वृद्धाश्रमात का जावी? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. कंत्राटी नेमणुका, तुटपुंजा पगार आणि थकलेली देणी यांमुळे नर्स इथली नोकरी सोडतात, आणि ते सुधारणे हे सरकारचे पहिले काम आहे. जर्मनीशी करार करून त्या कामातून सुटका होत नाही. पण जाणारी माणसे सरकारच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. भारतीयांच्या कुशल-व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची तयारी जर्मनीने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केली. सरकार हात झटकून बसले तरी हे दार उघडेच राहील, आणि त्यातून जाण्याआधी माणूस कुणाच्या हाती पडतो एवढाच प्रश्न उरेल. परक्या देशालाही काही देणे लागते. माणूस इथे घडवण्याचा खर्च आपला आणि म्हातारपणीची सेवा त्यांची, असा व्यवहार असेल तर भाषाशिक्षणाचा आणि नर्सिंग महाविद्यालयांतल्या अध्यापकांचा खर्च त्यांनी उचलावा, अशी अट करारात घालायला काय हरकत आहे? ज्याला माणसांची गरज आहे, त्याच्याशी बोलताना इतका संकोच का?

आणखी एक शंका राहते : शिकूनही निवड झालीच नाही तर? वर्षभर जर्मन शिकलेल्या पाचशेतल्या दोनशेंना व्हिसा मिळाला नाही, तर त्यांचे वर्ष फुकट गेले असे म्हणता येईल का? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनातून जर्मन शिकलेल्यांच्या पिढ्या याच शहरात कामाला लागल्या आहेत. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ आहेत, नाशिकला बॉशचा कारखाना आहे, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कितीतरी लहान कारखाने आजूबाजूला आहेत. यंत्राच्या जर्मन पुस्तिकेतला दुरुस्तीचा परिच्छेद स्वतः वाचू शकणारा फिटर त्यांनाही हवाच आहे. येत्या शैक्षणिक वर्षात औंधपासून सातपूरपर्यंतच्या आयटीआयमध्ये भाषेचे शिक्षक नेमण्यासाठी कुठल्याही परदेशी सरकारच्या सहीची गरज नाही, फक्त मंत्रालयातून निघणाऱ्या एका आदेशाची आहे.